सोळा आठवडे थांबण्याआधी

सोरायसिसच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट सुरू झालं की त्याचा सगळा आठवडा त्या औषधाभोवती बांधला जातो. गोळ्या आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायच्या. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेततं. गोळ्यांचा दिवस टाळून फॉलिक अ‍ॅसिड. सुरुवातीला वरचेवर रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी उतरत नाहीत ना, लिव्हरची एन्झाइम्स वाढत नाहीत ना, हे पाहायचं. दारू वर्ज्य. मूल हवं असेल तर तो बेत पुढे ढकलायचा. हे सगळं निभावून औषध लागू पडलं का, याचा निकाल लागतो तो सोळाव्या आठवड्याच्या आसपास. बायोलॉजिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महागड्या इंजेक्शनांचंही तसंच आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने इन्फ्लिक्सिमॅबसाठी १०, इटानरसेप्टसाठी १२, तर अडॅलिम्युमॅब आणि उस्टेकिनुमॅबसाठी १६ आठवड्यांची मुदत घालून दिली आहे. तोवर पुरेसा फरक पडला नाही तर औषध थांबवायचं. म्हणजे ज्याला औषध लागू पडणारच नव्हतं, तोही तीन-चार महिने त्याचे सगळे धोके अंगावर घेतो, आणि त्या काळात खाज, तळव्यांच्या भेगा, अंथरुणावर सांडणारे खवले आणि लोकांच्या नजरा यांतलं काहीही कमी होत नाही. हा निकाल आधी कळू शकतो का, या प्रश्नावर गेली पंधरा-वीस वर्षं गंभीर संशोधन चाललं आहे. ते खरं आहे, उपयोगी आहे. पण त्याचा रोख ज्या औषधांवर आहे, तिथे त्याची गरज सर्वांत कमी आहे, आणि जिथे गरज सर्वांत जास्त आहे तिथे ते फारसं पोचलेलं नाही, असं माझं मत आहे. ते का, हे सविस्तर मांडतो.

आधी हे शक्य तरी का आहे ते पाहू. निरोगी माणसाच्या त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम अवघ्या काही दिवसांत उरकतं; पेशी पक्व व्हायच्या आधीच वर ढकलल्या जातात आणि त्यांचे खवले होतात. या घाईमागे रोगप्रतिकारक पेशींची एक साखळी आहे. त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-२३ ही रसायनं सोडतात, त्यांनी चेतवलेल्या टी-पेशी इंटरल्युकिन-१७ सोडतात, आणि त्याच्या इशाऱ्यावर त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. औषध या साखळीचा एखादा दुवा तोडतं. दुवा तुटला की नाही हे पेशींच्या पातळीवर लवकर ठरतं. पण साठलेली जाडी उतरायला, फुगलेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत व्हायला वेळ लागतो. शरीरात निकाल लागून गेलेला असतो आणि डोळ्यांना तो दिसायचा असतो, अशी ही मधली फट आहे. न्यूयॉर्कच्या जोएल कोरेआ दा रोझा, जेम्स क्रूगर, मायते सुआरेझ-फारिन्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमकी ही फट मोजली. उपचाराच्या पहिल्या चार आठवड्यांत चट्ट्याचे छोटे तुकडे काढून त्यांतली कोणती जनुकं किती बोलकी आहेत हे त्यांनी तपासलं, आणि त्यावरून बाराव्या आठवड्याला काय दिसेल याचं भाकीत केलं. इटानरसेप्ट, उस्टेकिनुमॅब, अडॅलिम्युमॅब आणि मेथोट्रेक्सेट या चारही औषधांसाठी त्यांनी वेगवेगळी गणितं बसवली. अचूकतेच्या नेहमीच्या मोजपट्टीवर त्यांना ८० टक्क्यांहून अधिक गुण मिळाले. याचा अर्थ असा की फायदा होणारा एक आणि न होणारा एक अशी रुग्णांची जोडी समोर ठेवली, तर शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोड्यांत कोण कुठला हे ती चाचणी बरोबर ओळखेल. वाट पाहण्यातले दोन महिने त्यामुळे वाचू शकतात. पुढे याच गटातल्या संशोधकांनी इटानरसेप्ट आणि टोफासिटिनिब या औषधांच्या बाबतीत त्वचेऐवजी रक्तातल्या दाहकारक प्रथिनांवरून असंच भाकीत करून पाहिलं. कातडीचा तुकडा काढण्यापेक्षा रक्ताची एक बाटली कोणत्याही रुग्णाला परवडते.

इथवर सगळं उत्साहवर्धक आहे. पण ‘इतके टक्के अचूक’ हा आकडा एकटा काही सांगत नाही. तो कोणत्या औषधाला लावला यावर सगळं अवलंबून असतं, आणि नेमकी हीच गोष्ट या विषयावरच्या बातम्यांतून गळून पडते. एक काल्पनिक चाचणी घ्या. फायदा न होणाऱ्या शंभर जणांपैकी ८० जणांना ती बरोबर ओळखते आणि फायदा होणाऱ्या शंभरांपैकी ८० जणांना बरोबर सोडून देते. आता ती अशा इंजेक्शनासाठी वापरा, ज्याचा गुण शंभरातल्या ८० रुग्णांना येतो. उरलेल्या २० जणांपैकी १६ जणांवर चाचणी ‘उपयोग नाही’ असा शिक्का मारेल. पण ज्या ८० जणांना गुण येणार होता, त्यांतल्याही १६ जणांवर तोच शिक्का बसेल. एकूण ३२ जणांना नकार मिळाला आणि त्यातला निम्मा चुकीचा. तीच चाचणी शंभरातल्या ४० जणांनाच गुण देणाऱ्या औषधाला लावली तर ६० पैकी ४८ जणांना ती बरोबर अडवते आणि ४० पैकी फक्त ८ जणांना चुकून अडवते. ५६ नकारांपैकी ४८ बरोबर. चाचणीत काडीचाही बदल झाला नाही, तरी पहिल्या ठिकाणी ती नाणेफेकीइतकीच भरवशाची ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यावर निर्णय सोपवता येण्याजोगा झाला. उलट बाजूनेही हे गणित फसवं आहे. ज्या औषधाचा गुण ८० टक्के लोकांना येतोच, त्याबद्दल डोळे मिटून प्रत्येकाला ‘तुम्हाला उपयोग होईल’ असं सांगितलं, तरी ते ८० टक्के वेळा खरं निघतं. अशा औषधाच्या चाचणीची ‘होकार ९० टक्के बरोबर’ अशी जाहिरात होते, तेव्हा त्यातली बरीच कमाई औषधाची असते.

नव्या बायोलॉजिक औषधांची स्थिती अशीच आहे. त्यांतल्या रिसँकिझुमॅबच्या, रुग्णांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत सोळाव्या आठवड्याला सुमारे ७५ टक्के रुग्णांचा आजार ९० टक्के उतरला होता. मेथोट्रेक्सेटचं चित्र वेगळं आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चॅम्पियन’ चाचणीत त्याच मुदतीत आजार ७५ टक्के उतरलेले रुग्ण मेथोट्रेक्सेटवर ३५.५ टक्के होते, अडॅलिम्युमॅबवर ७९.६ टक्के आणि नुसत्या दिखाऊ औषधावर १८.९ टक्के. २०१७ च्या ‘मेटॉप’ चाचणीत मेथोट्रेक्सेट गोळीऐवजी त्वचेखाली टोचून दिलं, तेव्हा ते प्रमाण ४१ टक्के निघालं, दिखाऊ औषधावर १० टक्के. म्हणजे जिथे निकाल आधी कळण्याची खरी गरज आहे, ते औषध हे आहे. भारतात तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मलमं आणि प्रकाशोपचार अपुरे पडले की पहिली चिठ्ठी मेथोट्रेक्सेटचीच असते. ते जुनं आहे, स्वस्त आहे, १९५८ पासून सोरायसिसला वापरात आहे. त्याला पेटंटधारक मालक उरलेला नाही, आणि माझ्या मते चाचण्या बनवणाऱ्यांचं लक्ष त्याच्याकडे कमी जाण्याचं तेच मोठं कारण आहे.

जनुकांवरून, औषध सुरू करण्याआधीच, हे सांगता येईल का? सोरायसिसशी सर्वांत घट्ट जोडलेला जनुकप्रकार सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए-सी०६:०२. हा प्रकार असलेल्यांना उस्टेकिनुमॅब अधिक लागू पडतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं. त्या सगळ्यांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सहा महिन्यांनी गुण आलेल्यांचं मध्यम प्रमाण हा प्रकार असलेल्यांत ९२ टक्के आणि नसलेल्यांत ६७ टक्के निघालं. फरक मोठा आहे. तरीही आढावा घेणाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो: जनुकप्रकार नसलेल्यांतही दोन-तृतीयांश लोकांना गुण येत असेल, तर केवळ तेवढ्यावरून त्यांना औषध नाकारणं योग्य नाही. दुसऱ्या एका औषधाने, सेक्युकिनुमॅबने, या जनुकाची काहीच पर्वा केली नाही. असलेल्यांत आणि नसलेल्यांत त्याचा गुण जवळजवळ सारखाच आला. अधिक कामाचं उत्तर मिळालं ते त्याच वर्षी ब्रिटनमधल्या १,३२६ रुग्णांच्या अभ्यासातून, कारण त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला होता. अमुक औषध लागू पडेल का, याऐवजी दोन औषधांतलं कोणतं अधिक लागू पडेल, असं त्यांनी विचारलं. हा जनुकप्रकार नसलेल्या रुग्णांना उस्टेकिनुमॅबपेक्षा अडॅलिम्युमॅबचा गुण येण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त दिसली. डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाला उपयोग या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो पुढे काय करणार? मेथोट्रेक्सेटबाबत पुदुच्चेरीच्या ‘जिपमर’मधल्या संशोधकांनी तमिळ रुग्णांत हाच जनुकप्रकार आणि औषधाचा गुण यांचा संबंध दाखवला, तोही २०१७ मध्येच. भारतातल्या रुग्णांवर, भारतात या आजारावर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या औषधावर झालेलं असं काम मला फार मोलाचं वाटतं.

एखादं जनुक बघितलं आणि प्रश्न मिटला, असं वैद्यकात घडलेलं आहे, म्हणून लोक ती अपेक्षा इथेही ठेवतात. एचआयव्हीवरच्या अबॅकाविर या औषधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी कोणाला होणार हे एचएलए-बी५७:०१ या प्रकारावरून इतकं नेमकं कळतं की, २००८ च्या मोठ्या चाचणीत आधी तपासणी केलेल्या गटात त्वचाचाचणीने सिद्ध झालेली अशी एकही अ‍ॅलर्जी आढळली नाही. पण तिथे प्रश्न एका रेणूच्या एका प्रथिनाला चिकटण्याचा होता. सोरायसिसमध्ये औषधाचा गुण येणं ही अनेक गोष्टींची बेरीज आहे: आजार किती जुना, वजन किती, औषध रक्तात किती पोचलं, शरीराने त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली का, आणि चट्ट्यात नेमकी कोणती साखळी जोरात आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की, उपचाराआधीच रक्तातल्या एका प्रकारच्या डेंड्रिटिक पेशींत दाहाचा एक विशिष्ट संदेशमार्ग जास्त सक्रिय असेल तर अडॅलिम्युमॅबचा गुण येत नाही. हे लक्षवेधी आहे, पण ती तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत व्हायला फार वेळ लागेल.

या सगळ्या भाकितांच्या मुळाशी आणखी एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही यंत्राने सुटणारी नाही. भाकीत ज्या निकालाचं करायचं, तो निकालच किती भक्कम आहे? सोरायसिस मोजायची पट्टी आहे ‘पासी’. स्वीडनच्या फ्रेडरिकसन आणि पेटरसन यांनी ती १९७८ मध्ये मांडली. शरीराचे चार भाग करायचे. डोक्याला १० टक्के वजन, हातांना २०, धडाला ३०, पायांना ४०. प्रत्येक भागात लाली, जाडी आणि खवले यांना शून्य ते चार गुण द्यायचे, त्यांची बेरीज व्याप्तीच्या गुणाने गुणायची. एका रुग्णाचं फक्त धड पाहा: लाली ३, जाडी ३, खवले २, म्हणजे ८. चट्टे धडाच्या ३० ते ४९ टक्के भागावर असतील तर व्याप्तीचा गुण ३. आठ गुणिले तीन गुणिले ०.३, म्हणजे ७.२. सोळा आठवड्यांनी खवले गेले, जाडी १ वर आली, लाली २ वर आली, व्याप्ती तीच. गुण २.७. आजार साडेबासष्ट टक्के उतरला. पंचाहत्तरच्या कसोटीवर हा रुग्ण नापास. लालीला २ ऐवजी १ दिला असता तर गुण १.८ झाला असता, बरोबर ७५ टक्के, रुग्ण पास. एका डॉक्टरच्या नजरेतला एका गुणाचा फरक, आणि त्यावर ‘औषध लागू पडलं’ की ‘नाही पडलं’ हे ठरणार. आता हीच लाली सावळ्या त्वचेवर पाहा. ती लाल दिसत नाही. जांभळट, करडी, तपकिरी दिसते. शिवाय चट्टा विझला तरी त्याच्या जागी काळपट डाग कित्येक महिने राहतो, आणि घाईत पाहणाऱ्याला तो आजारच वाटतो. गोऱ्या त्वचेच्या रुग्णांवर शिकवलेलं गणित इथे जसंच्या तसं लावलं, तर चूक गणिताची असेल की मोजणाऱ्याची, हेही कळणार नाही.

माझ्या या मांडणीवर काही आक्षेप येतात. पहिला, सर्वांत जोरकस: मेथोट्रेक्सेट इतकं स्वस्त आहे की भाकिताच्या खटाटोपापेक्षा ते देऊन पाहणंच सोपं. गोळीच्या किमतीपुरतं हे खरं आहे. पण रुग्णाच्या खिशातून जातं ते फक्त गोळीचं मोल नसतं. दर खेपेला बुडणारी मजुरी, एसटीचं भाडं, रक्ततपासण्या, आणि चार महिन्यांनी काहीच फरक नाही म्हटल्यावर उडालेला विश्वास. असा रुग्ण मग उपचारच सोडतो, किंवा ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्या एखाद्याची पुडी घेतो, जिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते थांबलं की आजार आधीपेक्षा उसळून येतो. सोरायसिसच्या काही रुग्णांना, पाहणीगणिक आकडा बदलतो पण तीस टक्क्यांपर्यंत, सांधेदुखीचाही आजार जडतो. आयर्लंडमधल्या एका अभ्यासात या सांधेदुखीच्या निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी हाडं झिजण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. सांधे सुजलेल्या माणसाचे चार महिने निष्फळ औषधात घालवणं स्वस्त नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: नवी इंजेक्शनं जवळजवळ सगळ्यांना लागू पडतात, तर तीच सगळ्यांना द्या. भारतात कॅडिला हेल्थकेअरने, म्हणजे आजच्या झायडसने, २०१४ च्या अखेरीस अडॅलिम्युमॅबची जगातली पहिली सममूल्य आवृत्ती बाजारात आणली, किंमत उतरली, आणि पुढेही उतरत जाईल. हे मला हवंच आहे. तरीही अडॅलिम्युमॅबसारखी टीएनएफ रोखणारी औषधं देताना शरीरात दबा धरून बसलेला क्षयरोग उसळण्याचा धोका आपल्या देशात इतका खरा आहे की, छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय ती सुरू करता येत नाहीत. ज्याचं काम मेथोट्रेक्सेटने भागणार आहे त्याला त्या वाटेला नेण्याचं कारण नाही, आणि ज्याचं भागणार नाही त्याला तिथे लवकर न्यायला हवं. दोन्ही माणसं वेगळी काढायला भाकीतच लागतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. अशी चाचणी हाती आली की विमा कंपनी किंवा सरकारी योजना तिचा वापर उपचार नाकारण्यासाठी करेल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच ‘याला उपयोग नाही’ एवढंच सांगणारी चाचणी मला मान्य नाही. तिच्याबरोबर पुढचं पाऊल जोडलेलंच हवं. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत अशी पावलं आहेत. तोंडावाटे घेतलेलं औषध साधारण १५ मिलिग्रॅमच्या पुढे शरीरात पुरेसं शोषलं जात नाही, म्हणून गोळीऐवजी टोचून देता येतं. डोस वाढवता येतो. ‘मेटॉप’ चाचणीत आठव्या आठवड्याला आजार निम्माही उतरला नसेल तर १७.५ वरून २२.५ मिलिग्रॅम करण्याची सोय आराखड्यातच होती. आणि वजन हा घटक तर हातचा आहे. स्थूल रुग्णांत बहुतेक औषधांचा गुण कमी येतो हे वारंवार दिसलं आहे. इटलीत २००८ मध्ये ६१ स्थूल रुग्णांना कमी मात्रेत सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं. निम्म्यांना सोबत कमी उष्मांकाचा आहार दिला. चोवीस आठवड्यांनी आजार ७५ टक्के उतरलेले रुग्ण आहार पाळणाऱ्यांत ६६.७ टक्के होते, नुसत्या औषधावर २९ टक्के. जनुक बदलता येत नाही, वजन बदलता येतं; भाकितासाठी वजनकाटा वापरला तर तोच उपचाराचाही भाग होतो. अडॅलिम्युमॅबचंही तसंच: पहिल्या बारा आठवड्यांत रक्तात औषधाची पातळी किती आहे यावरून सहाव्या महिन्याचा अंदाज बांधता येतो, असं ब्रिटनमध्ये दिसलं, आणि पातळी कमी निघाली तर काय करायचं हे डॉक्टरला माहीत असतं.

भाकिताच्या बहुतेक अभ्यासांत सगळ्या रुग्णांना औषध दिलेलं असतं, आणि मग कोण सुधारलं हे पाहिलेलं असतं. पण ‘चॅम्पियन’मधले ते १८.९ टक्के आठवा: खरं औषध न देता तेवढ्यांचा आजार उतरला होता. सोरायसिस आपणहून चढतो-उतरतो. औषध घेताना सुधारलेला प्रत्येक जण औषधामुळे सुधारलेला नसतो, आणि एकाच गटाच्या अभ्यासातून ही दोन माणसं वेगळी काढता येत नाहीत. मला हवा असलेला अभ्यास म्हणून असा आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागांत ज्यांना मेथोट्रेक्सेट सुरू होणारच आहे, अशा रुग्णांचं पहिल्या दिवशी वजन, आजाराचं वय, सांध्यांची स्थिती टिपावी, रक्ताची एक छोटी बाटली गोठवून ठेवावी, आणि चौथ्या, आठव्या, सोळाव्या आठवड्याला एकाच प्रकाशात फोटो काढावेत, म्हणजे लाली आणि डाग यांचा घोळ नंतर तिऱ्हाईत नजरेने सोडवता येईल. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांचा निर्णय चौथ्या आठवड्याच्या अंदाजावर घ्यावा: कोणाला तेच चालू, कोणाला वाढीव डोस, कोणाला गोळीऐवजी सुई, कोणाला थेट दुसरं औषध. उरलेल्या निम्म्यांचा निर्णय आजच्यासारखा सोळाव्या आठवड्याला व्हावा. चोविसाव्या आठवड्याला दोन्ही गटांत किती जणांची त्वचा स्वच्छ झाली हे मोजावं, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात किती जण मधेच येईनासे झाले हेही लिहावं.